धातुबद्ध सायनाइड आणि त्याचे विघटन करणारे जीवाणू

कार्बन आणि नायट्रोजन यांचा एकेक अणू तिहेरी बंधाने जोडला जाऊन बनणारा सायनाइड हा ऋण आयन पेशींतील श्वसनाचे शेवटचे द्वार अडवून धरतो. रक्तात प्राणवायू मुबलक असूनही पेशीला तो वापरता येत नाही आणि काही मिनिटांत प्राण जातात, इतकी माहिती खुनाच्या खटल्यांचे वृत्तांत वाचणाऱ्या सामान्य माणसालाही असते. परंतु खाणींच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्यात हे विष बहुधा एकटे राहत नाही. जस्त, तांबे, निकेल, चांदी, लोखंड अशा कोणत्या ना कोणत्या धातूच्या अणूभोवती दोन, चार किंवा सहा सायनाइडे वेढा घालून बसलेली असतात आणि या जोडीचे गुणधर्म मोकळ्या सायनाइडाहून पुष्कळच निराळे असतात. अशा धातुबद्ध सायनाइडाचे विघटन करणारे जीवाणू सापडल्याचे दाखले गेल्या चार-पाच दशकांत देशोदेशींच्या प्रयोगशाळांनी दिले आहेत. त्यांपैकी किती निर्विवाद मानावेत, किती राखून ठेवावेत, आणि आपल्या मुलखातील कारखानदारीला त्यांचा उपयोग कितपत व्हावा, याची छाननी येथे करावयाची आहे.

सायनाइडाची आणि धातूंची संगत जुनी आहे. स्वीडिश रसायनज्ञ कार्ल विल्हेल्म शेले याने १७८२ मध्ये हायड्रोसायनिक आम्ल प्रथम वेगळे काढले तेच मुळी प्रशियन ब्ल्यू या निळ्या रंगद्रव्यातून, म्हणजे लोखंड आणि सायनाइड यांच्या संयुगातून. पुढे १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन घराण्याने विजेच्या साह्याने चांदी-सोन्याचा मुलामा चढविण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि त्या कृतीतले द्रावण सायनाइडाचेच होते. खरी उलथापालथ मात्र १८८७ मध्ये झाली. ग्लासगोचे जॉन स्ट्युअर्ट मॅकआर्थर आणि डॉक्टर असलेले फॉरेस्ट बंधू यांनी असे दाखवून दिले की, सायनाइडाच्या सौम्य द्रावणात हवा खेळती ठेवली म्हणजे दळलेल्या खनिजातील सोने त्यात विरघळते. आणि त्यामुळे टनामागे काही ग्रॅम सोने असलेला दगडही खणण्याजोगा ठरला. दक्षिण आफ्रिकेच्या विट्वॉटर्सरँडमध्ये १८९० पासून ही पद्धत अंमलात आली, आणि आपल्या देशात कोलारच्या खाणींनीही तिचाच आश्रय केला. कोलारच्या खाणी फेब्रुवारी २००१ मध्ये बंद झाल्या; पण दळून सोने काढून घेतलेल्या खडकाच्या पिठाचे, तीन कोटी टनांहून अधिक भरणारे डोंगर त्या गावाभोवती आजही उभे आहेत आणि तेथील लोक त्यांना सायनाइडचेच ढीग म्हणतात.

महाराष्ट्रात सोन्याच्या खाणी नाहीत. आपल्याकडे सायनाइड येते ते प्लेटिंगच्या वाटेने. भोसरी, सातपूर, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींतील मुलाम्याच्या कारखान्यांत जस्त, तांबे, चांदी किंवा कॅडमियम यांच्या सायनाइडी द्रावणांच्या टाक्या असतात. आकड्याला टांगलेली वस्तू टाकीतून वर निघते तेव्हा तिच्या अंगाला द्रावणाचा एक पातळ थर चिकटून येतो. पुढच्या टाकीत ती पाण्याने धुतली जाते आणि तो थर त्या धुवणाच्या पाण्यात उतरतो. दिवसभरात शेकडो वस्तू अशा धुतल्या गेल्या की, त्या पाण्यात सायनाइडाचे प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या कैक पटींनी वर जाते. ही मर्यादा आपल्याकडे नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यासाठी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम आणि पिण्याच्या पाण्यासाठी ०.०५ मिलिग्रॅम इतकी आहे.

आता या प्रश्नाची किल्ली जेथे आहे त्या रसायनाकडे वळू. धातू आणि सायनाइड यांच्या जोडीचा चिवटपणा धातूगणिक बदलतो. जस्त आणि कॅडमियम यांची पकड सैल असते. पाणी किंचित आम्ल झाले तरी सायनाइड सुटून येते. तांबे आणि निकेल यांची पकड त्यांहून पुष्कळ घट्ट असली, तरी सौम्य आम्लापुढे तीही टिकत नाही. लोखंड आणि कोबाल्ट यांची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. सहा सायनाइडांनी वेढलेला लोखंडाचा अणू अंधारात, उदासीन पाण्यात वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. ही स्थिरता इतकी भरवशाची की, मिठाचे खडे होऊ नयेत म्हणून पोटॅशियम फेरोसायनाइड अत्यल्प प्रमाणात मिठात मिसळण्यास कायद्याने परवानगी आहे, आणि पाकीटबंद मिठाच्या वेष्टनावर ५३६ हा क्रमांक दिसतो तो त्याचाच. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया येथे किरणोत्सारी सीझियम लोकांच्या अंगात गेले, तेव्हा ते बाहेर काढण्यासाठी रुग्णांना प्रशियन ब्ल्यू औषध म्हणून पोटात देण्यात आले. मग लोखंडाशी बांधलेले सायनाइड निरुपद्रवी मानून सोडून द्यावे काय? तसेही करता येत नाही, कारण सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हा बंध तोडतात, आणि उथळ, नितळ पाण्यात फेरोसायनाइडातून मोकळे सायनाइड बाहेर पडू लागते. जे अंधारात औषध ठरते तेच उन्हात माशांच्या जिवावर उठते.

रासायनिक उपाय अर्थातच उपलब्ध आहेत. अल्कधर्मी पाण्यात क्लोरीन किंवा हायपोक्लोराइट मिसळून सायनाइडाचे प्रथम सायनेट आणि नंतर नायट्रोजन व कर्बवायू करणे, ही प्लेटिंगच्या कारखान्यांतील रूढ तजवीज आहे. हिच्यात दोष तीन : रसायनांचा खर्च, मागे उरणारे क्लोरीन आणि त्याची संयुगे, आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे लोखंडी सायनाइडापुढे तिचे काही चालत नाही. खाणींमध्ये गंधकाचा डायऑक्साइड आणि हवा यांची पद्धत १९८० च्या दशकापासून पसरली. ती सैल व मध्यम पकडीच्या सायनाइडांचा निकाल लावते, पण लोखंडी सायनाइड केवळ साक्याच्या रूपाने खाली बसविते. खाणींच्या टाकाऊ पाण्याच्या तळ्यांतून पुष्कळसे सायनाइड आपोआप हवेत उडून जाते खरे. तथापि त्या तळ्यांवर किती विसंबावे याचे उत्तर ३० जानेवारी २००० च्या रात्री रुमानियातील बाया मारे येथे मिळाले. तळ्याचा बांध फुटून सुमारे एक लाख घनमीटर विषारी पाणी, त्यात तांब्याशी बांधलेले सायनाइडही पुष्कळ, सोमेश आणि तिसा या नद्यांतून थेट डॅन्यूबपर्यंत गेले आणि एकट्या हंगेरीत हजार टनांहून अधिक मासे मेले.

जीवाणूंकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, ती ही की, सायनाइड हे मानवाचे अपत्य नाही. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. पावसाने ताण दिला की ते वाढते, आणि अशी ताटे खाऊन जनावर तडफडू लागले म्हणजे आपला शेतकरी त्याला किराळ लागली असे म्हणतो. ती किराळ म्हणजे धुरिनातून सुटलेल्या सायनाइडाची बाधा होय. याच ज्वारीच्या पानांवर ठिपके पाडणारी ग्लिओसर्कोस्पोरा सॉर्घाय नावाची बुरशी मात्र त्या सायनाइडाला डगमगत नाही. तिच्याजवळ सायनाइडाला पाण्याचा एक रेणू जोडून त्याचे फॉर्ममाइड करणारे एंझाइम असते. स्यूडोमोनास कुळातील काही जीवाणू आणि जांभळ्या रंगाचा क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम हे तर स्वतःच सायनाइड तयार करतात. तेव्हा मातीतील सूक्ष्मजीवांची या विषाशी ओळख मुलाम्याच्या कारखान्यांहून किती तरी जुनी आहे, आणि त्याला तोंड देण्याची साधने त्यांच्याजवळ आधीपासून सिद्ध असावीत यात नवल नाही.

ही साधने स्थूलमानाने चार प्रकारची आहेत. पाण्याच्या साह्याने सायनाइड फोडणारी एंझाइमे हा पहिला प्रकार. बॅसिलस प्यूमिलस आणि स्यूडोमोनास स्टुट्झेरी यांतील अशी एंझाइमे सायनाइडाचे एकाच पावलात अमोनिया आणि फॉर्मिक आम्ल करतात. प्राणवायूच्या साह्याने त्याचे कर्बवायू आणि अमोनिया करणे हा दुसरा. हवेतील नायट्रोजन बांधणाऱ्या जीवाणूंचे नायट्रोजिनेज हे एंझाइम सायनाइडापासून मिथेन आणि अमोनिया बनवू शकते, हा तिसरा. आणि गंधक जोडून त्याचे कमी विषारी थायोसायनेट करणे, जे आपल्या यकृतातील ऱ्होडानीज हे एंझाइमही करते, तो चौथा. सायनाइडावर वाढणारा सूक्ष्मजीव सांडपाण्यातून मिळाल्याचा दाखला १९५५ चा आहे. परंतु या शास्त्राला शिस्त आली ती इंग्लंडमध्ये, केंट विद्यापीठातील क्रिस्टोफर नोल्स यांच्या हाताखाली. १९८३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्सचा एक वाण पुढे आणला, जो नायट्रोजनासाठी सायनाइडावाचून दुसरे काहीही न मागता वाढतो. पुढे अमेरिकेत असे आढळले की, हा जीवाणू पायरुव्हिक आम्लासारखी कीटो आम्ले बाहेर सोडतो, ती सायनाइडाशी संयोग पावून त्याची धार बोथट करतात, आणि मग जीवाणू ते सावकाश आत घेऊन पचवितो.

१९८७ मध्ये याच वाणाला चार सायनाइडांनी वेढलेले निकेल दिले असता तो त्यावरही वाढला, आणि येथूनच धातुबद्ध सायनाइडांचा खरा अभ्यास सुरू होतो. परंतु याच ठिकाणी तो प्रश्नही उभा राहतो, ज्याच्या उत्तरावाचून बाकीचे सर्व दावे पोकळ आहेत : जीवाणू धातू आणि सायनाइड यांची जोडी स्वतः फोडतो, की जोडीतून आपोआप सुटलेले थोडेसे सायनाइड तेवढे खातो? प्रत्येक जोडीतून पाण्यात काही अंश सायनाइड सुटत असते आणि पुन्हा जोडले जात असते. सुटलेला अंश जीवाणूने गिळला की, समतोल राखण्यासाठी जोडीतून आणखी सुटते, आणि हे चक्र चालू राहते. जस्ताच्या बाबतीत हा खुलासा पुरेसा आहे. निकेलाच्या बाबतीतही पुरावा त्याच बाजूला झुकतो. कारण १९९० च्या सुमारास अशा जीवाणूंच्या संवर्धनात दोनच सायनाइडे उरलेले, न विरघळणारे निकेल सायनाइड साक्याच्या रूपाने सापडले. म्हणजे चारपैकी दोन सायनाइडे खर्ची पडली आणि दोन खाली बसली. पाणी तपासणाऱ्याला द्रावणात सायनाइड दिसेनासे झाले म्हणून त्याने संपूर्ण विघटनाचा निर्वाळा दिला, तर तो चुकीचा ठरेल. प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत असे की, या विषयातील प्रत्येक प्रयोगाने धातू आणि नायट्रोजन या दोहोंचा जमाखर्च पै-पैने जुळवून दाखविला पाहिजे. नायट्रोजन अमोनियात आला काय, धातू कोठे गेला, आणि मेलेले जीवाणू घालून केलेल्या तुलनात्मक प्रयोगात किती सायनाइड नुसते चिकटून नाहीसे झाले, हे तिन्ही आकडे ज्या निबंधात नाहीत तो पुराव्यात धरू नये.

या कसोटीला चांगला उतरणारा जीवाणू स्पेनमधील कोर्दोबा येथे मिळाला. हे शहर दागिन्यांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथून वाहणाऱ्या ग्वादलक्विविर नदीच्या गाळातून वेगळा केलेला स्यूडोमोनास स्यूडोअल्कालिजेनेस ९.५ पीएचच्या अल्कधर्मी पाण्यात वाढतो. याचे महत्त्व असे की, पाणी उदासीन किंवा आम्ल असेल तर सायनाइड विषारी वायू होऊन उडते आणि त्याचे श्रेय फुकाफुकी जीवाणूच्या पदरात पडते. इतक्या अल्कधर्मी पाण्यात मात्र ते पाण्यातच राहते. या जीवाणूचे श्वसन सायनाइडाने न अडणाऱ्या एका पर्यायी एंझाइमावर चालते. तो ऑक्झॅलोॲसेटिक आम्ल साठवून त्याच्याशी सायनाइड बांधतो, आणि नायट्रिलेज नावाचे एंझाइम त्या संयुगातील नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने मोकळा करते. शिवाय सायनाइडाने सगळे लोखंड बळकावल्यामुळे उपासमार होऊ नये म्हणून तो लोखंड खेचून आणणारी सिडेरोफोर नावाची द्रव्ये सोडतो. लोखंडाशी बांधलेल्या सायनाइडावरही तो वाढतो असे त्या संशोधकांनी नोंदविले आहे, आणि लोखंड हिसकावून घेण्याची ही शक्तीच त्याचे कारण असावी हा तर्क मला पटण्यासारखा वाटतो.

तरीही लोखंडाचा किल्ला सर झाला असे म्हणण्यास मी धजणार नाही. या बाबतीत अधिक ठोस यश जीवाणूंना नव्हे तर बुरश्यांना मिळालेले आहे. युरोपात कोळशापासून गॅस काढण्याच्या जुन्या कारखान्यांची जमीन लोखंडी सायनाइडाने निळी पडलेली असते. तशा जमिनीतून मिळालेल्या फ्युजेरियम सोलानी आणि ट्रायकोडर्मा पॉलिस्पोरम या बुरश्यांनी चार पीएचच्या आम्ल माध्यमात धातुबद्ध सायनाइडांचे विघटन केल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. आम्लात बंध थोडा सैल होतो आणि बुरशीला आम्ल मानवते, असा हा योग आहे. जीवाणूंच्या बाजूने येणारे पुष्कळ दावे मात्र प्रयोगशाळेच्या उजेडात केलेल्या प्रयोगांवर उभे आहेत; आणि बंध उजेडाने तोडला की जीवाणूने, याचा निवाडा अंधारातील प्रयोगावाचून होऊ शकत नाही.

प्रयोगशाळेच्या बाहेर, खऱ्याखुऱ्या खाणीवर, या जीवाणूंनी काय करून दाखविले याचे सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतील साउथ डकोटा संस्थानच्या लीड गावची होमस्टेक खाण हे होय. १८७६ मध्ये तेथे सोने सापडले आणि पुढे शंभर वर्षे खाणीचा गाळ व्हाइटवुड नावाच्या ओढ्यात सरळ सोडला जात होता. त्या ओढ्यात मासा उरला नव्हता. १९७७ मध्ये गाळासाठी बांध झाला, पण साठलेले पाणी कधी ना कधी ओढ्यात सोडणे भाग होते. टेरी मडर आणि जेम्स व्हिटलॉक या खाणीच्याच शास्त्रज्ञांनी रासायनिक उपाय पारखून पाहिले आणि शेवटी कौल दिला तो जीवाणूंना. खाणीच्या पाण्यातच तग धरून असलेला स्यूडोमोनास पॉसिमोबिलिसचा एक वाण त्यांनी निवडला, सायनाइडाची मात्रा पायरीपायरीने वाढवीत त्याला तयार केले, आणि १९८४ मध्ये ४८ चक्रांचा जैविक शुद्धीकरण कारखाना सुरू केला. प्रत्येक चक्र म्हणजे आडव्या दांड्यावर ओवलेल्या प्लॅस्टिकच्या चकत्यांची जुडी. तिचा निम्म्याहून थोडा कमी भाग पाण्यात बुडालेला आणि बाकीचा हवेत. दांडा संथपणे फिरत राहतो, चकतीवर वाढलेला जीवाणूंचा बुळबुळीत थर क्षणभर विषारी पाण्यात बुडतो आणि क्षणभर हवा खातो. पहिल्या चक्रांवरील जीवाणू सायनाइड आणि थायोसायनेट फोडून अमोनिया करीत, आणि धातू त्या थरातच अडकून राहत. पुढच्या चक्रांवरील नायट्रीकारक जीवाणू तो अमोनिया नायट्रेटात उतरवीत. ही दुसरी पायरी मला पहिलीइतकीच मोलाची वाटते, कारण अमोनियाही माशांना मारकच आहे, आणि सायनाइड घालवून अमोनिया ओढ्यात सोडणारी योजना अर्धवटच म्हटली पाहिजे. खोल खाणीतून उपसलेले कोमट पाणी तळ्याच्या थंड पाण्यात मिसळून त्यांनी त्या प्रदेशातील कडक हिवाळ्यातही जीवाणूंची ऊब राखली. व्हाइटवुड ओढ्यात ट्राउट मासे परत आले. २००२ मध्ये खाण बंद झाली. पाण्याच्या बाबतीत कोलारला मात्र होमस्टेकचे भाग्य लाभले नाही.

या विषयात पुण्याचेही नाव आहे, आणि ते आपल्याकडे व्हावे तितके परिचित नाही. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून स्थापन झालेल्या आणि आता आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत योगेश पाटील आणि किशोर पाकणीकर यांनी १९९९-२००० च्या सुमारास नेमक्या प्लेटिंगच्या सांडपाण्यावर काम केले. तांबे आणि निकेल यांच्या सायनाइडांसाठी त्यांनी दुहेरी योजना आखली : प्रथम क्लॅडोस्पोरियम या बुरशीच्या शरीरद्रव्यावर धातुबद्ध सायनाइड शोषून घ्यायचे, म्हणजे ते तिसाहून अधिक पटींनी घट्ट रूपात परत मिळविता येते; आणि पाण्यात उरलेल्या अंशाचा पाच-सहा तासांत जीवाणूंकडून निकाल लावायचा. दुसऱ्या प्रयोगमालेत सिट्रोबॅक्टर आणि स्यूडोमोनास यांच्या मिश्र संवर्धनाने धातूंची सायनाइडे फोडली, आणि चांदीच्या मुलाम्याच्या पाण्यावरही स्वतंत्र प्रयोग झाला. जीवाणूंना कर्बाचा पुरवठा म्हणून उसाची मळी वापरण्याची त्यांची कल्पना साखर कारखान्यांच्या या प्रदेशाला साजेशी आहे. धातू परत हाती यावा आणि विषही उरू नये, असा दोन्ही बाजूंचा विचार करणारे हे काम मला परदेशातील पुष्कळ कामांहून अधिक व्यवहारी वाटते.

तेव्हा निर्णय असा की, जस्त, कॅडमियम, तांबे, निकेल आणि चांदी यांच्या सायनाइडांवर जीवाणूंचा इलाज चालतो. मात्र अमोनियाचा आणि धातू साठलेल्या गाळाचा बंदोबस्त त्याच योजनेत हवा. लोखंडाच्या सायनाइडावर त्याचा भरवसा आज धरता येत नाही. प्लेटिंगच्या कारखानदाराने यातून घ्यावयाचा बोध साधा आहे आणि त्याला संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही. पोलादी वस्तूंचा गंज ज्या आम्लात काढला जातो त्या आम्लात लोखंड विरघळलेले असते. ते पाणी आणि सायनाइडाचे धुवण एकाच गटारात सोडले, तर एकीकडे जीवघेणा वायू सुटतो आणि दुसरीकडे उरलेले सायनाइड लोखंडाला जाऊन मिळते, म्हणजे जीवाणूंच्या हाताबाहेर जाते. या दोन पाण्यांची गटारे अगदी टाकीपासून वेगळी ठेवा, औद्योगिक वसाहतींच्या सामाईक शुद्धीकरण केंद्रांनी सायनाइडाच्या पाण्यासाठी स्वतंत्र टाकी राखावी, आणि तेथे पुण्यातील पद्धतीची एक वर्षभर, पावसाळा आणि हिवाळा धरून, नायट्रोजन व धातू यांच्या पूर्ण हिशेबासह चाचणी घ्यावी, अशी माझी या व्यवसायातील मंडळींना आणि प्रदूषण नियंत्रणाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.